शेवटी येणाऱ्याचे मैदान

आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की त्याला कोणी वालीच नसतो. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला, की तो तास गणिताचा होतो. स्नेहसंमेलन जवळ आले, की तो नाचाच्या तालमीचा होतो. एखाद्या बाई रजेवर असल्या, की दोन वर्ग एकत्र बसवून त्या तासाला शुद्धलेखन घातले जाते. आणि यांपैकी काहीच नसले, तर मुलांना मैदानात सोडून एक चेंडू त्यांच्यापुढे टाकला जातो. या तासाला वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास म्हणतात. मुले त्याला पीटी म्हणतात. नावडतीचे मीठ अळणी म्हणतात, तशातली याची गत. हा तास बुडाला म्हणून एखादा पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गणिताचा तास बुडाला असता, तर तोच पालक दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दाराशी उभा राहिला असता.

आमचे म्हणणे अगदी सरळ आहे. पहिलीपासून चौथीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला, शाळेच्या प्रत्येक दिवशी, अंगाला घाम फुटेल इतके धावायला-खेळायला मिळाले पाहिजे. शाळेच्या संघात निवडल्या गेलेल्या बारा जणांना ते मिळते, म्हणून आमचे समाधान होणार नाही. जो मुलगा शर्यतीत शेवटी येतो, जिला कोणीच आपल्या गटात घेत नाही, ज्याच्या पायात व्यंग आहे, त्यांचा या मैदानावर पहिला हक्क आहे. कारण त्यांनाच त्याची सर्वाधिक गरज आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला वाचनाच्या तासातून बाहेर काढून, उत्तम वाचणाऱ्यांनाच तेवढे शिकवणाऱ्या शाळेला आपण काय म्हटले असते? मैदानावर मात्र आपण नेमके हेच करीत आलो आहोत आणि त्याला क्रीडाप्रोत्साहन असे गोंडस नाव देत आहोत.

एके काळी हा प्रश्न उद्भवत नसे. वसईच्या वाड्यांतील मूल शाळेत चालत जात असे व चालत येत असे. दप्तर ओटीवर फेकून ते बावखलात पोहायला पळे, आंब्या-चिंचांवर चढे, केळीच्या बागांतून लपंडाव खेळे, पाण्याच्या कळशा वाही आणि दिवेलागणीला हाका मारमारून घरी आणावे लागे. त्याला व्यायाम शिकवण्याची गरज नव्हती. त्याचे सारे बालपणच व्यायाम होते. आज काय दिसते? अनेक बावखले बुजली, बागांच्या जागी इमारती आल्या आणि अरुंद रस्त्यांवरून डंपर धावू लागले, तेव्हा मुलाला पायी धाडण्याची आईबापांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. मूल रिक्षात कोंबले जाते, वर्गात बसते, रिक्षातून परतते, शिकवणीला बसते आणि उरलेला वेळ मोबाइलपुढे बसते. दिवसभरात त्याने काय केले, याचे एका शब्दातले उत्तर आहे : बसले. हा बदल कोणी ठरवून केला नाही, म्हणून त्याचा दोषही कोणी स्वीकारीत नाही. परंतु वाडीने जे फुकट दिले होते, ते आता शाळेने दिले नाही, तर दुसरीकडे कोठेही ते मिळणार नाही.

ही केवळ जुन्या दिवसांची हळहळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल केली पाहिजे आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तरी ती जोमदार असली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील माहिती तपासून २०१९ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार २०१६ मध्ये ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुले एवढीही हालचाल करीत नव्हती. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के होते. अकराव्या वर्षी जे मूल बसकेच राहते, ते बसण्याची सवय अकराव्या वर्षी शिकलेले नसते. ती सवय पहिली-दुसरीतच लागते. म्हणून माध्यमिक शाळेत पोचल्यावर खेळाचे पाहू, असे म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे.

“पण आमच्या शाळेत दर वर्षी मोठा क्रीडादिन होतो,” असे उत्तर हमखास येते. या क्रीडादिनाचाच जरा विचार करू. तीन आठवडे आधीपासून मुले उन्हात उभी राहून संचलनाचा सराव करतात. त्या दिवशी प्रमुख पाहुणे येतात, ज्योत पेटते, फुगे सोडले जातात, भाषणे होतात. मग प्रत्येक वर्गातील प्राथमिक फेरीतून निवडलेली पाच-सहा मुले धावतात. उरलेली चाळीस-पन्नास मुले दोरीच्या पलीकडे मांडी घालून बसतात आणि सांगितले, की टाळ्या वाजवतात. शाळेच्या वर्षातील सर्वांत मोठ्या खेळाच्या दिवशी बहुसंख्य मुले इतर कोणत्याही दिवसापेक्षा अधिक वेळ बसून असतात, ही विसंगती कोणाच्याच डोळ्यांत सलू नये? या मुलांना त्या दिवशी एक धडा मात्र पक्का मिळतो. खेळ हे दुसऱ्याचे काम असून आपले काम पाहण्याचे आहे, हा तो धडा. पुढे ती आयुष्यभर तो गिरवतात आणि दूरदर्शन संचासमोर बसून क्रिकेटवर अधिकारवाणीने बोलतात.

रोजच्या तासाची कथाही निराळी नाही. पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुले, एक बॅट आणि एक चेंडू. मैदानावर जाण्या-येण्याची, रांगेची आणि भांडणाची मिनिटे वजा केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चेंडूचा सहवास अर्धे मिनिटही येत नाही. आणि तोही धटिंगण चार मुलेच लुटून नेतात. त्याहून वाईट म्हणजे शिक्षेची रीत. गृहपाठ केला नाही, तर खेळाचा तास बंद. आणि मस्ती केली, तर मैदानाला पाच फेऱ्या. धावणे ही एकाच वेळी हिरावून घेण्याची चैन आणि लादण्याची सजा कशी असू शकते? मुलाने चूक केली म्हणून आपण त्याचा डबा काढून घेत नाही. चूक केली म्हणून त्याला प्रार्थना म्हणायला लावणेही शहाणपणाचे नसते, कारण मग त्याला प्रार्थनाच नकोशी होते. धावण्याचेही तसेच आहे.

या बाबतीत देशाचा कायदा काय सांगतो, हे पालकांनी जाणून घेतले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे आणि खेळाचे साहित्य प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे पुरवले पाहिजे, असे म्हटले आहे. ‘प्रत्येक वर्गाला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपाटात कुलूपबंद ठेवलेले, तपासणी अधिकारी आले म्हणजे बाहेर निघणारे साहित्य कायद्याला अभिप्रेत नाही. मात्र याच परिशिष्टात एक मोठी उणीव आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद त्यात आहे. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील तेथे. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असा कोणी नाही. म्हणजे ज्या वयात शरीर घडते, त्या वयाकडे पाठ आणि सवयी पक्क्या झाल्यावर निदेशक! शासनाचे प्रोत्साहनही असेच वरच्या टोकाला लागते. दहावी-बारावीतील खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. ते मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही; परंतु पहिलीतल्या लठ्ठ, लाजाळू मुलाला त्या गुणांचा काय उपयोग? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

येथे आपल्यापैकी काही जाणकार हळूच आठवण करून देतील, की २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला आहे. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये सुचवले, हे खरे. पण तो वाद न्यायालयाचा आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. अल्पसंख्याक म्हणून मिळालेले स्वातंत्र्य आपल्या मुलांचे अधिक भले करण्यासाठी आहे, की क्रीडांगणाच्या बंधनातून सुटका करून घेण्यासाठी? कायद्यातून सूट मिळेल, कर्तव्यातून मिळत नाही. ज्या समाजाने या किनारपट्टीवर शाळा काढून चार पिढ्यांना लिहिते केले, त्याने किमान निकषाच्या खाली जाऊन पळवाट शोधावी, हे शोभत नाही.

आता पालकांच्या मनातल्या खऱ्या शंकेकडे वळू. खेळात वेळ गेला, तर अभ्यासाचे काय? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० साली शाळेतील हालचाल आणि अभ्यासातील प्रगती यांविषयीचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत आढळलेल्या परस्परसंबंधांपैकी निम्म्याहून किंचित अधिक अनुकूल होते, जवळजवळ उरलेले सर्व तटस्थ होते आणि प्रतिकूल होते ते शेकडा दीड. म्हणजे खेळण्याने गुण वाढतीलच अशी हमी कोणी देऊ नये. परंतु खेळण्याने गुण घटतात, ही भीती मात्र निराधार आहे. दुसरे उदाहरण चीनमधील ग्वांगझू शहराचे आहे. तेथील १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. सहा शाळांतील मुलांना रोज ४० मिनिटांचा उघड्यावरचा जादा तास देण्यात आला. तीन वर्षांनंतर त्या शाळांत लघुदृष्टीचा दोष नव्याने जडलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. इतर शाळांत ते सुमारे ४० टक्के होते. शिकवणीसाठी मुलाचे खेळणे बंद करणाऱ्या आणि वर्षाकाठी त्याच्या चष्म्याचा नंबर वाढवून आणणाऱ्या मातापित्यांनी या आकड्यांवर शांतपणे विचार करावा.

शाळांची सबब वेगळी असते : मैदान लहान आहे, पीटीचे सर नाहीत, पैसा नाही. या तिन्ही सबबींना स्कॉटलंडमधल्या एका साध्या प्राथमिक शाळेने उत्तर दिले आहे. स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांना आपली मुले थोडे धावले तरी धापा टाकतात, असे दिसून आले. फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटे शाळेच्या आवारात धावायला नेण्यास आरंभ केला. ना वेगळा गणवेश, ना घड्याळ, ना शर्यत, ना क्रमांक. धावावे, दमल्यास चालावे, मित्राशी गप्पा माराव्यात आणि पुन्हा वर्गात यावे. बरोबर वर्गशिक्षकच असतात. पाहता पाहता ही रीत सगळ्या शाळेची झाली आणि पुढे अनेक देशांत गेली. स्टर्लिंग परिसरातीलच दोन शाळांची तुलना करणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोज धावणाऱ्या शाळेतील मुलांची मध्यम ते जोमदार हालचाल दुसऱ्या शाळेच्या मानाने दिवसाला सुमारे ९ मिनिटांनी वाढली, बसण्याचा वेळ सुमारे १८ मिनिटांनी घटला आणि दमही वाढला, असे त्यात आढळले. नऊ मिनिटे हा आकडा लहान दिसतो. परंतु ती रोजची नऊ मिनिटे आहेत आणि ती शर्यतीत शेवटी येणाऱ्यालाही मिळतात. वर्षातून एकदा फुगे सोडण्यापेक्षा ती कितीतरी मोलाची आहेत.

आणि खेळांसाठी स्कॉटलंडकडे तरी कशाला पाहावे? लंगडीला काय लागते? आखणीसाठी चुन्याची एक फक्की. खो-खोला दोन खांब, आट्यापाट्यांना जमिनीवरच्या रेघा, लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू. शिवणापाणी, डबा ऐसपैस, ठिकरी, दोरीवरच्या उड्या यांना तर अंगण पुरे. यांतल्या पळापळीच्या खेळांत रांगेत उभे राहून पाळीची वाट पाहावी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. बालभारतीने प्राथमिक वर्गांसाठी ‘खेळू, करू, शिकू’ या नावाचे पाठ्यपुस्तक काढले. पण ज्या पुस्तकावर परीक्षा नाही, ते कोरेच राहते, अशी आपल्याकडची रीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ती जिंकली. आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. आपण पेढे वाटले. पण त्या आठवड्यात आपल्या शाळेतील तिसरीच्या किती मुली खो-खो खेळल्या, असे कोणी विचारले का?

मुली म्हटले, की आणखी सबबी पुढे येतात. पडेल, लागेल, उन्हात काळी पडेल, आता मोठी झाली. आठ वर्षांची मुलगी कशी मोठी होते, हे आम्हांस उमगत नाही. गुडघा खरचटला, की तो चार दिवसांत बरा होतो. आपल्याला धावता येत नाही, ही समजूत मात्र जन्मभर बरी होत नाही. खरचटलेल्या गुडघ्यासाठी शिक्षिकेला जाब विचारणारे पालक एका अर्थी शिक्षिकेला सांगत असतात, की आमच्या मुलांना बसवून ठेवा. ती बिचारी मग तेच करते. उन्हाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी खेळ सकाळच्या पहिल्या तासाला घ्यावा. पावसाळ्यात व्हरांडा आहे, सभागृह आहे, बाके भिंतीला लावलेला वर्ग आहे.

मैदानांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या अनेक धर्मग्रामांत शाळेचे व चर्चचे आवार मोठे आहे. पूर्वजांनी जमिनी दिल्या, त्या मुलांसाठी. आता कोठे त्या आवारावर नवी इमारत उभी राहते, कोठे मोटारी लागतात, कोठे लग्नाचे मांडव महिनोन्‌महिने उतरत नाहीत. कोठे हिरवे प्लास्टिक अंथरून, जाळी लावून, तासाच्या भाड्याने मैदान दिले जाते आणि वाडीतली मुले जाळीबाहेर उभी राहून आत डोकावतात. संस्थेला पैसा लागतो, हे मान्य. परंतु हा पैसा कोणाच्या वाट्याचे काढून उभा राहतो, याचा हिशेब व्यवस्थापनात बसलेल्या धर्मगुरूंनी आणि पॅरिश कौन्सिलच्या सभासदांनी मांडला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तुरीन शहरातल्या अनाथ, भटक्या मुलांना जवळ करणाऱ्या संत जॉन बॉस्को यांनी क्रीडांगण हे आपल्या शिक्षणपद्धतीचे अंग मानले होते आणि शिक्षकांनी तेथे मुलांमध्ये मिसळावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे नाव आपण शाळांना देतो, तसबीर कार्यालयात लावतो. त्यांचे मैदान मात्र भाड्याने देतो.

या साऱ्यात पैसेवाल्याचे मूल निभावून जाते. त्याच्यासाठी पोहण्याचा तलाव आहे, फुटबॉलचा प्रशिक्षण वर्ग आहे, महिन्याची फी भरायला बाप समर्थ आहे. मोलमजुरी करणाऱ्याच्या, दोन खोल्यांच्या चाळीत राहणाऱ्याच्या मुलाला शाळेच्या मैदानाखेरीज दुसरे मैदान नाही. तेथेही त्याला रांगेत उभे केले, तर त्याने जावे कोठे? म्हणून हा प्रश्न आमच्या मते आरोग्याइतकाच न्यायाचा आहे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. पहिली ते चौथीच्या प्रत्येक वर्गाला रोज निदान वीस मिनिटे मैदान मिळावे. परीक्षा, तपासणी वा स्नेहसंमेलन या कारणांनी ती वीस मिनिटे कापली जाऊ नयेत. वर्गशिक्षकांनी मुलांबरोबर चालावे, जमल्यास धावावे. खेळ बंद करण्याची व फेऱ्या मारण्याची शिक्षा आजपासून थांबावी. क्रीडादिनी शाळेतील एकूण एक मूल मैदानात उतरावे. बक्षिसे कमी दिली तरी चालतील. शाळा सुटल्यावर आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर आवाराचे फाटक मुलांसाठी उघडे असावे आणि पाळीपाळीने दोन पालकांनी तेथे लक्ष ठेवावे. जवळ राहणाऱ्या चार घरांनी मिळून मुलांना पायी शाळेत पोचवण्याची पाळी लावावी; एक रिक्षा कमी होईल आणि आठ पाय चालू लागतील.

वाचकहो, शिक्षक-पालक सभा जूनमध्ये भरेल. तेथे आपण गुणांविषयी विचाराल, फीविषयी विचाराल, संगणकाविषयी विचाराल. त्यांच्या आधी एक प्रश्न विचारा : काल माझे मूल शाळेत किती मिनिटे धावले? आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.